जहाजगडचा खलाशी

गोदावरी माई महाराष्ट्राचा निरोप घेऊन तेलंगणात प्रवेश करते, त्या सीमेजवळच तिच्या काठी बासर हे गाव वसले आहे. पूर्वी हे गाव आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे. २०१६ पासून ते निर्मल जिल्ह्यात गेले. येथील सरस्वतीच्या मंदिरात दूरदूरचे हिंदू बांधव आपल्या लेकरांना पहिले अक्षर गिरविण्यासाठी घेऊन येतात. महर्षी व्यास येथे राहिले म्हणून गावास व्यासर म्हणू लागले आणि मराठी बोलणाऱ्यांच्या जिभेवर त्याचे बासर झाले, अशी गावाच्या नावाची कथा सांगतात. लोकांची जीभ ही अशी आहे, वाचकहो. जे नाव तिला आपलेसे वाटते, ते ती घासूनपुसून आपल्या सोयीचे करून घेते. आणि एकदा तिने ते स्वीकारले, की राजांचे शिलालेख पुसले गेले तरी ते नाव टिकते.

मागे एकदा याच बासरच्या स्थानकावर मी नांदेडकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहत बसलो होतो. शेजारी एक वृद्ध माउली येऊन बसली. माझ्या झग्याकडे पाहून तिने मी कोण ते ओळखले. तिचा धाकटा मुलगा आखातातील एका बंदरात बोटीवर कामाला होता. आपल्या या पट्ट्यातील, निजामाबाद आणि निर्मलकडील कितीतरी खेड्यांतील तरुण पोटासाठी आखाती देशांत गेले आहेत, हे आपण जाणताच. माउली म्हणाली, "फादर, पहिल्या वर्षी दर रविवारी फोन यायचा. मग महिन्याला. आता सणालासुद्धा येत नाही. परमुलखात गेलेलं लेकरू आपलं राहतं का हो?"

गाडी आली, आणि मी तिला धड उत्तर न देताच डब्यात चढलो. तो प्रश्न मात्र मनातून गेला नाही. त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला एका खलाशाचे चरित्र आठवले. तो आपल्यासारखाच खेड्यातील शेतकऱ्याच्या घरी, कॅथलिक कुटुंबात जन्मला. समुद्रावरून या देशात आला. मराठ्यांच्या पदरी राहिला. एका ओसाड प्रांताचा काही काळ राजा झाला. आणि पुन्हा आपल्या घरी कधीच गेला नाही. त्याचे नाव जॉर्ज थॉमस. आज त्याची कथा सांगावयाची आहे.

पाच पौंडांचा घोडा

जॉर्ज थॉमसचा जन्म १७५६च्या सुमारास आयर्लंडमधील टिपेररी परगण्यात, रॉस्क्रे या गावी झाला. बाप दुसऱ्याची जमीन कसणारा गरीब कूळ होता, आणि मुलगा लहान असतानाच तो वारला. त्या काळी आयर्लंडवर इंग्रजांची सत्ता होती आणि आपल्या कॅथलिक बांधवांवर अत्यंत जाचक कायदे लादलेले होते. कॅथलिकाने सरकारी अधिकारपद धारण करू नये, संसद-सभेत बसू नये, शाळा चालवू नये, जमीन विकत घेऊ नये, असे ते कायदे होते. कॅथलिकाजवळ पाच पौंडांहून अधिक किमतीचा घोडा असेल, तर कोणीही प्रॉटेस्टंट मनुष्य पाच पौंड हातावर ठेवून तो घोडा घेऊन जाऊ शकत असे. कायद्याचा अंमल कोठे कडक होता, कोठे ढिला. परंतु ज्या मुलाच्या समाजाने आपला घोडासुद्धा बेताच्याच किमतीचा ठेवावा अशी सरकारची इच्छा, त्या मुलाने पुढे काय होण्याची स्वप्ने पाहावीत?

शाळेचे तोंड न पाहिलेला हा मुलगा योल नावाच्या बंदरात हमाली करू लागला. तेथे त्याला इंग्रजी आरमाराच्या माणसांनी बळजबरीने पकडून जहाजावर चढविले. बंदरात, रस्त्यात, गुत्त्यात धट्टाकट्टा तरुण दिसला, की त्याला धरून न्यावयाचे आणि खलाशी करावयाचे, ही त्या आरमाराची तेव्हाची रीतच होती. घरी सांगावयास वेळ नाही, आईचा निरोप नाही. आपला खलाशी असा समुद्रावर गेला.

१७८१च्या सुमारास त्याचे जहाज मद्रासच्या किनाऱ्याला लागले. तेथे संधी साधून त्याने जहाज सोडले आणि तो पळाला. त्यास पळपुटा म्हणावे काय? ज्याला दोरखंडाने बांधून नोकरीवर नेले, त्याने दोरखंड सोडविला म्हणून त्यास दोष देणे कठीण आहे. तथापि एक गोष्ट खरी, की त्या दिवसापासून त्याला परतीची वाट उरली नाही. पुढे समुद्र, मागे फाशीचे भय, आणि भोवती ज्याची एकही भाषा येत नाही असा अफाट देश.

दक्षिणेतून दिल्लीकडे

काही वर्षे तो दक्षिणेतील पाळेगारांच्या आश्रयाने राहिला. नंतर अल्पकाळ निजामाच्या फौजेत तो साधा शिपाई होता, असेही सांगतात. त्या दिवसांत हैदराबादेस अशा परदेशी माणसांना चांगली मागणी होती. निर्मलच्या किल्ल्यांशी फ्रेंच कारागिरांचे नाव आजही जोडले जाते. व्यापारासाठी पाँडिचेरीस आलेला रेमाँ नावाचा फ्रेंच मनुष्य तर निजामाचा मोठा सेनापती झाला आणि १७९८ साली वारला. लोकांच्या जिभेने त्याचे "मूसा राम" केले. हैदराबादेतील मूसारामबाग हे नाव त्याच्यावरून पडले असे म्हणतात. मुसलमान म्हणत मूसा रहीम, हिंदू म्हणत मूसा राम!

परंतु थॉमसचे नशीब हैदराबादेस नव्हते. तो उत्तरेकडे निघाला आणि १७८७ साली दिल्लीस पोहोचला. दक्षिणेतून दिल्लीस पायवाटेने जाणाऱ्यास आपली गोदावरी ओलांडावीच लागते. आयर्लंडच्या बंदरातील तो हमाल एके दिवशी या माईचे पाणी ओंजळीने प्याला असेल, असा विचार गोदाकाठी बसले असता मनात आल्यावाचून राहत नाही.

सरधन्याची बेगम

मेरठजवळ सरधना नावाचा एक परगणा आहे. तेथे त्या वेळी एक विलक्षण स्त्री राज्य करीत होती. ती बेगम समरू. वॉल्टर राइनहार्ट नावाच्या युरोपीय सेनानीची ती पत्नी. तो वारल्यावर त्याची फौज आणि जहागीर तिने स्वतःच्या हिमतीवर सांभाळली. १७८१च्या मे महिन्यात आग्रा येथे तिने स्नानसंस्कार स्वीकारला आणि जोआना हे नाव धारण केले. सरधन्याचे पवित्र मरियेचे भव्य मंदिर तिनेच बांधविले. ते १८२२ साली पूर्ण झाले, आणि १९६१ साली पोप तेविसावे योहान यांनी त्यास महामंदिराचा दर्जा दिला. आजही तेथे हजारो भाविक यात्रेस जातात.

या बेगमेच्या पदरी थॉमस लागला. उंच, धिप्पाड, उमदा, बोलण्यात मोकळा असा हा खलाशी लवकरच तिच्या मर्जीस उतरला. जहाजावर तोफा पाहिलेला मनुष्य. तोफखान्याचे काम त्याच्या हाती आले. १७८८ साली गोकुळगडच्या वेढ्यात दिल्लीचा बादशहा शहा आलम याच्या छावणीवर अवचित हल्ला झाला. तेव्हा बेगमेची पलटण आणि थॉमसच्या तोफा वेळेवर धावून गेल्या, म्हणून बादशहा वाचला. बेगमेने आपल्या घरातील एका ख्रिस्ती मुलीशी थॉमसचे लग्न लावून दिले. टप्पल परगण्याचा कारभार त्याच्या स्वाधीन केला.

परंतु दरबार म्हटला की मत्सर आलाच. बेगमेच्या सैन्यात ल व्हासू नावाचा एक फ्रेंच अधिकारी होता. त्याचे वजन वाढले आणि थॉमसचे घटले. १७९२ साली अपमानित होऊन, बायकोमुलांसह आणि थोड्या घोडेस्वारांनिशी, थॉमसला बेगमेची चाकरी सोडावी लागली. अकरा वर्षांपूर्वी जहाज सोडले, आता दरबार सुटला.

मराठ्याने मानलेला पुत्र

या अडचणीच्या वेळी त्याला हात दिला तो एका मराठी सरदाराने. अप्पा खंडेराव हे महादजी शिंद्यांच्या सैन्यातील एक सेनानी. त्यांच्याजवळ मुलूख होता, पण हाताशी पैसा नव्हता. फौज होती, पण पगार थकलेला. त्यांनी १७९३च्या सुमारास थॉमसला आपल्या सेवेत घेतले आणि फौजेच्या खर्चासाठी दिल्लीच्या पश्चिमेकडील झज्जर, बेरी वगैरे परगणे लावून दिले. परगणे कागदावर मिळाले होते. वसूल आपल्या मनगटाच्या जोरावर करावयाचा होता. त्या मुलखात थॉमसने बेरीजवळ एक किल्ला बांधला आणि त्यास आपले नाव दिले, जॉर्जगड.

थकलेल्या पगारासाठी अप्पांच्या सैनिकांनी एकदा बंड केले आणि धन्यालाच कोंडले. थॉमसने अंधारातून जाऊन त्यांची सुटका केली. कृतज्ञतेने अप्पांनी त्यास आपला पुत्र मानले आणि त्याच्या इतमामास शोभेल असा हत्ती व पालखी घेण्यासाठी द्रव्य दिले. वाचकहो, ज्याच्या समाजाला स्वदेशात पाच पौंडांहून मोलाचा घोडा बाळगण्याची मुभा नव्हती, त्या कुळाच्या पोरास एका मराठ्याने हत्तीवर बसविले! या बापलेकांत पुढे कुरबुरी झाल्या, संशय आले, ताटातूट झाली. सख्ख्या बापलेकांतही त्या होतातच. परंतु अप्पा असाध्य दुखण्याने खचले, तेव्हा त्यांना आठवण झाली ती याच मानलेल्या मुलाची. थॉमस येऊन भेटण्यापूर्वीच, १७९७ साली, वेदना असह्य होऊन त्यांनी यमुनेत देह टाकला. त्या दुःखी जीवास परमेश्वराने आपल्या दयेत ठेवावे. त्यांचा पुतण्या वामनराव गादीवर आला, पण त्याचे व थॉमसचे फार दिवस जमले नाही.

अपमान विसरणारा

आता मी जी गोष्ट सांगणार आहे, ती थॉमसच्या आयुष्यातील सर्वांत मोलाची आहे असे मला वाटते. राज्य मिळविण्याहूनही मोलाची.

थॉमस गेल्यावर बेगमेने त्या ल व्हासूशी गुप्तपणे विवाह केला. तो गर्विष्ठ मनुष्य सैनिकांना तुच्छ लेखी. १७९५ साली फौजेने बंड केले. पतिपत्नी रात्री पळून जात असता बंडखोरांनी त्यांना गाठले. पकडले गेल्यास दोघांनीही प्राण द्यावयाचे असे ठरले होते. बेगमेने छातीत कट्यार मारून घेतली. ती मेली असे समजून पतीने पिस्तूल झाडून आत्महत्या केली. बेगमेची जखम मात्र जिवावरची नव्हती. सैनिकांनी तिला परत सरधन्यास आणले आणि तोफेच्या गाड्याला बांधून उन्हात ठेवले. ज्या स्त्रीच्या पालखीपुढे काल लवून मुजरे होत होते, तिला आज पाणी देण्यासही कोणी धजेना.

अशा अवस्थेत तिने मदतीची याचना कोणाकडे करावी? ज्याचा तिने अपमान केला होता, ज्याच्यावर मध्यंतरी ती फौज घेऊन चालूनही गेली होती, त्या थॉमसकडेच तिचे पत्र गेले. या खलाशाने जुना हिशेब काढला नाही. जवळच्या मराठा अधिकाऱ्यास पैसे देऊन त्याने त्याची फौज हलविली, स्वतः आपले स्वार घेऊन सरधन्यावर गेला, बंडखोरांना नमविले, आणि १७९६ साली बेगमेस पुन्हा तिच्या गादीवर बसविले. मग तो आपल्या मुलखात परत गेला.

आपल्या खेड्यांत बांधावरून, विहिरीच्या पाळीवरून, लग्नातील मानपानावरून दोन घरे वीस वीस वर्षे एकमेकांच्या दारी जात नाहीत. पवित्र मिस्सेला एकाच मंदिरात येतात, पण एकमेकांकडे पाहत नाहीत. त्यांनी या अशिक्षित खलाशाकडे पाहावे. क्षमा म्हणजे केवळ राग सोडणे नव्हे. ज्याने आपणास दुखविले त्याच्या संकटात घोड्यावर खोगीर चढवून निघणे, ही क्षमा.

हांसीचे राज्य

दिल्लीच्या वायव्येस हांसी नावाचे प्राचीन नगर आहे. तेथील किल्ल्याशी पृथ्वीराज चौहानाचे नाव जोडलेले आहे. १७८३-८४ साली उत्तर हिंदुस्थानात भयंकर दुष्काळ पडला. विक्रम संवत १८४० चालू होते, म्हणून लोक त्यास "चालीसा" म्हणत. त्या दुष्काळाने हा प्रांत उजाड झाला. कोणत्याच सत्तेचा तेथे नीट अंमल उरला नव्हता. पाऊस अपुरा, विहिरी अतिशय खोल, लोक काटक व स्वाभिमानी. अशा या सीमेवरच्या, धन्याविना पडलेल्या मुलखात १७९८च्या सुमारास थॉमसने आपले राज्य स्थापिले आणि हांसी ही राजधानी केली.

पडका कोट त्याने दुरुस्त केला. लोकांना अभय देऊन हळूहळू वस्ती वाढविली; काही हजार माणसे तेथे नांदू लागली. स्वतःची टाकसाळ घालून रुपये पाडले, तोफा ओतविल्या, बंदुका व दारूगोळा तयार करविला. आणि आणखी एक गोष्ट केली, जी त्या काळच्या भल्याभल्या राजांना सुचली नव्हती. लढाईत पडलेल्या शिपायांच्या विधवांना व मुलांना तो निर्वाहवेतन देई. नवऱ्याच्या पगाराचा निम्मा भाग विधवेस मिळे. लहानपणीच बाप गेलेल्या मुलाला, कर्ता पुरुष गेलेल्या घराची चूल कशी विझते, हे कोणी शिकवावे लागत नाही.

येथे सत्य लपवून चालणार नाही. थॉमस साधुपुरुष नव्हता. त्याचे राज्य तलवारीचे होते. शेजारच्या मुलखांवर स्वाऱ्या करून, खंडणी वसूल करून तो फौजेचा खर्च भागवी. खंडणी न देणाऱ्या गावांची लूट होई. जिंद, पतियाळा येथील शीख सरदारांशी त्याच्या वारंवार लढाया झाल्या. १७९९ साली वामनरावाच्या सोबतीने तो जयपूरच्या मुलखात शिरला. तेव्हा फतेहपूरच्या लोकांनी त्याचा मार्ग रोखण्यासाठी वाटेवरच्या विहिरी बुजविल्या. दिवसभर वाळूत चाललेली, तहानेने व्याकूळ झालेली त्याची फौज शेवटच्या शिल्लक विहिरीसाठी लढली आणि जगली. ज्याने आयुष्याची उमेदीची वर्षे अथांग पाण्यावर काढली, त्याला एका विहिरीसाठी रक्त सांडावे लागले. पण ज्या शेतकऱ्याने आपल्या हाताने खणलेली विहीर आपल्याच हाताने बुजविली, त्याच्या घरातील मुलाबाळांनी दुसऱ्या दिवशी काय प्यावे, हाही विचार आपण करावा. राजांच्या चरित्रांत ही मुले कोठेच दिसत नाहीत.

समुद्र मात्र त्याच्या मनातून गेला नव्हता. पंजाबातील जंगलांचे लाकूड तोडून होड्या बांधाव्या आणि त्यांतून फौज नदीमार्गे सिंधूकडे न्यावी, असा त्याचा बेत होता. हरियाणाच्या कोरड्या मातीत बसून तो जहाजांची स्वप्ने पाहत होता!

एका बाटलीत बुडालेले राज्य

त्या वेळी उत्तरेत दौलतराव शिंद्यांचा सेनापती पेरों नावाचा फ्रेंच मनुष्य होता. योगायोग असा, की तोही खलाशी म्हणूनच हिंदुस्थानात आला होता आणि तोही जहाज सोडून पळालेला होता. दिल्लीच्या दाराशी दुसऱ्या कोणाचे स्वतंत्र राज्य असावे, हे त्यास रुचणे शक्य नव्हते. १८०१ साली बहादुरगड येथे दोघांची बोलणी झाली. थॉमसने जॉर्जगड सोडावा आणि शिंद्यांची पगारी चाकरी पत्करावी, अशी पेरोंची अट होती. थॉमसने ती नाकारली. युद्ध जुंपले.

२९ सप्टेंबर १८०१ रोजी जॉर्जगडापाशी पेरोंचा सरदार बुर्कां याने थॉमसवर हल्ला चढविला. थॉमसच्या पलटणी भिंतीसारख्या उभ्या राहिल्या. बुर्कांची अतोनात हानी झाली. थॉमसचा विश्वासू अधिकारी हॉपकिन्स मात्र त्या लढाईत पडला. त्या संध्याकाळी शत्रू खचलेला होता. थॉमसने त्याच घटकेस उलट मार दिला असता, तर विजय त्याचाच होता, असे पुष्कळांचे मत आहे. निदान आपली फौज घेऊन हांसीस सुखरूप जाण्याची वाट तरी मोकळी होती. परंतु थॉमस हलला नाही. मित्र गेल्याचे दुःख, मनाचा शीण, आणि या सर्वांवर त्याने योजलेला जुना उपाय, दारू. शत्रुपक्षात असलेल्या जेम्स स्किनर या अधिकाऱ्याच्या आठवणींप्रमाणे, तो मोलाचा काळ थॉमसने मद्यपानात घालविला. तेवढ्यात पेरोंची कुमक येऊन पोहोचली आणि छावणीला चहूबाजूंनी वेढा पडला.

दाणागोटा संपला, त्याच्याच काही सरदारांना फितविण्यात आले. १० नोव्हेंबरच्या रात्री थोड्या स्वारांनिशी वेढा फोडून थॉमसने हांसी गाठली. पण शत्रू पाठोपाठ आलाच. डिसेंबरात हांसीही पडली. थॉमसने आपले खाजगी द्रव्य घेऊन इंग्रजांच्या हद्दीत निघून जावे, या अटीवर तह झाला. त्याचे काही देशी अधिकारी तर अंगावरचे कपडे फाडून फकीर झाले आणि यापुढे कोणाचीच शिपाईगिरी करणार नाही असे म्हणाले, अशी हकीकत सांगतात. ज्याच्यासाठी माणसे फकिरी पत्करतात, त्याच्या ठायी काही तरी चांगले असलेच पाहिजे. आणि तरीही त्याचे राज्य गेले.

आपल्या धर्मग्रामातील कितीतरी भगिनींना ही गोष्ट मी न सांगताही कळेल. मनुष्य कष्टाळू असतो, दिलदार असतो, शेजाऱ्याच्या मदतीस धावणारा असतो. दुःख आले की मात्र बाटली जवळ करतो. ज्या रात्री घराला त्याची सर्वांत अधिक गरज असते, नेमक्या त्याच रात्री तो शुद्धीवर नसतो. दारू साऱ्या वर्षाचा वेळ मागत नाही. ती एक घटका मागते, पण जी घटका मोलाची असते तीच मागते.

परतीची वाट

राज्य गेल्यावर थॉमसच्या मनात एकच इच्छा उरली. आयर्लंडला, आपल्या गावी परत जावे. बायकोमुलांना त्याने सरधन्यास बेगमेच्या स्वाधीन केले. पाहा, क्षमेचे बीज कसे उगवते ते! ज्या बेगमेस त्याने तोफेच्या गाड्यावरून सोडविले, तीच त्याच्या मुलांची आई झाली. त्याचा मुलगा जॉन यास तिने पुत्रवत वाढविले, आणि १८३६ साली ती वारली तेव्हा तिच्या मृत्युपत्रातही थॉमसच्या घराण्याची तरतूद होती. टाकसाळ गेली, तोफा गेल्या, किल्ले गेले. केलेला उपकार तेवढा व्याजासह परत आला.

थॉमस गंगेतून नावेने कलकत्त्याकडे निघाला. प्रवासात विल्यम फ्रँकलिन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यास त्याने आपले चरित्र तोंडी सांगितले. आरंभी त्याने विचारले, की मी फारसीत सांगू काय? कारण वीस वर्षांच्या सवयीने ती भाषा त्याला मातृभाषेहून अधिक जवळची झाली होती. हे वाचले तेव्हा मला बासरच्या स्थानकावरील माउली आठवली. आईच्या मांडीवर शिकलेले शब्द जिभेवरून ओघळून गेले होते. घराची ओढ मात्र गेली नव्हती. ज्या भाषेत त्याने आपले दुःख सांगितले असते, ती भाषा त्याच्या गावात कोणालाही समजली नसती.

आणि घरी तो पोहोचलाच नाही. २२ ऑगस्ट १८०२ रोजी बंगालमधील बेहरामपूर येथे तापाने त्याचे निधन झाले. वय सेहेचाळीसच्या आसपास. तेथेच त्यास मूठमाती मिळाली. त्याचे चरित्र पुढल्या वर्षी कलकत्त्यास छापून निघाले. त्याला हरविणारा पेरोंही फार काळ टिकला नाही; १८०३ साली तो इंग्रजांना शरण गेला, पैसा घेऊन फ्रान्सला परतला आणि १८३४ साली तेथे वारला. एक खलाशी घरी गेला, एक वाटेत राहिला.

परंतु हरियाणातील शेतकऱ्यांच्या जिभेवर आज कोण आहे? पेरों नव्हे. ज्या लोकांनी समुद्र कधी पाहिला नव्हता, त्यांना "जॉर्ज" हे नाव उच्चारता येईना. त्यांनी त्याचे "जहाज" केले. जॉर्जगडचा झाला जहाजगड, आणि झज्जर जिल्ह्यातील ते गाव आजही त्याच नावाने ओळखले जाते. हिसार येथे त्याचे निवासस्थान म्हणून दाखवितात ती "जहाज कोठी". तेथे आता संग्रहालय आहे. व्यासरचे बासर करणारी, रेमाँचे मूसा राम करणारी, तीच ही लोकांची जीभ. कळत नकळत तिने अगदी योग्य नाव दिले. कोरड्या रानात येऊन लागलेले ते एक जहाजच होते.

माउली, त्या दिवशी तुमच्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. आज थोडेसे आहे. परमुलखात गेलेले लेकरू आपले राहते काय? राहते, पण ते आपोआप राहत नाही. गेलेल्याने आठवण ठेवावी लागते आणि राहिलेल्यांनी दार उघडे ठेवावे लागते. थॉमसला बळजबरीने नेले, त्या काळी पत्र पोहोचावयास कित्येक महिने लागत. आपल्या मुलांच्या खिशात मात्र आज दूरध्वनी आहे. तेव्हा आखातात, बोटीवर, परक्या शहरात असलेल्या आपल्या मुलांना, वाचकहो, हा लेख वाचून दाखवा. त्यांना सांगा, की जेथे जाल तेथे अप्पा खंडेरावांसारखा परका मनुष्यही बाप होऊ शकतो, तेथील लोक तुमचे वेडेवाकडे नावही प्रेमाने जपू शकतात. त्यासाठी कोणाच्या तरी संकटात धावून जावे लागते. त्यांना सांगा, की शीण झाला, मित्र दुरावला, तरी बाटलीजवळ जाऊ नका. आणि त्यांना सांगा, की आईशी आईच्याच भाषेत, निदान रविवारी मिस्सेनंतर, दोन शब्द बोला.

आणि आपण, जे घरी राहिलो आहोत? रोज सायंकाळी जपमाळेच्या शेवटी दूर गेलेल्यांसाठी एक नमो मरिया म्हणावी. गोदावरी सागराला मिळते. सागराचे पाणीही मेघ होऊन कधी ना कधी तिच्या उगमाशी परत येते. माणसाचे तसे होईलच असे नाही. म्हणून तर प्रार्थना करावयाची असते.